बसलेल्या बॉलचा हिशेब

उन्हाळी शिबिरांचे फलक लागले की पुण्यातल्या जिमखान्यांत आणि सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये एक वाद हमखास डोकं वर काढतो. एक बाजू म्हणते, टेनिसचा बॉल कुजायला चारशे वर्षं लागतात, तेव्हा हा खेळच पर्यावरणाच्या मुळावर उठलेला आहे. दुसरी बाजू म्हणते, रस्त्यावर गाड्यांचा धूर, नदीत मैलापाणी, आणि तुम्हाला खुपतो तो अठ्ठावन्न ग्रॅमचा बॉल? मग कुणीतरी समजूतदार माणूस मध्ये पडतो. जुने बॉल गोळा करायला एक खोकं ठेवायचं ठरतं, खोकं भरतं, आणि पुढे त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसल्याने ते जिन्याखाली पडून राहतं. तिन्ही पक्ष चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. मेलेला बॉल किती वर्षं पडून राहतो यापेक्षा तो इतक्या लवकर मरतो का, हे विचारायला हवं. कचरा डेपोतली चारशे वर्षं सोडा, कोर्टवरचे चार आठवडे हे खरं दुखणं आहे. त्यावर इलाज आहे, नियमात बसणारा आहे, आणि तरी आपण तो करत नाही, एवढंच माझं म्हणणं.

त्यासाठी बॉल बनतो कसा ते बघू. आतला गोळा रबराचा, आणि तेही बहुतांशी झाडाच्या चिकापासून काढलेल्या रबराचं. ‘बॉल म्हणजे प्लास्टिकच’ असं जे सर्रास बोललं जातं ते निम्म्याहून जास्त चूक आहे. कच्चं रबर आधी रुळांच्या गिरणीत किंवा बंद मिक्सरमध्ये मळून मऊ करतात. मग त्यात चिकणमातीची भुकटी, सिलिका, झिंक ऑक्साइड, मॅग्नेशियम कार्बोनेट, गंधक आणि गंधकाचं काम लवकर उरकणारी रसायनं पडतात. चिकणमाती ही नुसती भर नव्हे. तिचे चपटे कण भिंतीत आडवे बसतात, भिंत ताठ करतात आणि हवेला बाहेर पडायची वाट थोडी लांबवतात. या मिश्रणाचे अर्ध्या गोळ्यापुरते तुकडे पाडून ते दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या साच्यात दाबले की दोन-तीन मिनिटांत करवंटीसारख्या वाट्या तयार होतात. कडेने बाहेर आलेलं रबर कापून टाकावं लागतं. गंधकाने एकदा पकड घेतली की ते पुन्हा वितळत नाही, त्यामुळे कारखान्यातला कचरा इथूनच सुरू होतो.

आता गोम. वाट्यांच्या कडा घासून खरखरीत करतात, त्यांना रबराचा डिंक लावतात आणि दोन वाट्या दुसऱ्या दाबयंत्रात समोरासमोर ठेवतात. त्या मिटण्याआधी यंत्राच्या कप्प्यात दाबाची हवा सोडतात आणि त्या हवेसकटच वाट्या मिटतात. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण बारा पीएसआय (टायरची हवा मोजतात ते माप) जास्त दाब आत कोंडला जातो. पूर्वी हेच काम सोडियम नायट्राइट आणि अमोनियम क्लोराइड करत. ती आत टाकून साचा तापवला की नायट्रोजन सुटायचा. सांधा पिकून गोळा गार होईपर्यंत बाहेरचा दाब काढता येत नाही. घाई केली तर गरम गोळा फुगतो किंवा सांध्यावर उसवतो. त्यानंतर वरचं कापड. लोकर आणि नायलॉन एकत्र, पाठीला सुती विणकाम. स्वस्त बॉलवर लोकर नसते, सुयांनी ठोकून बसवलेल्या कृत्रिम धाग्यांचा नमदा असतो. डमरूच्या आकाराचे दोन तुकडे कापून, त्यांच्या कडा डिंकात बुडवून, ते एकमेकांत अडकतील असे गोळ्यावर बसवतात आणि पुन्हा साच्यात भाजतात. बॉलवरची ती वळणदार पांढरट रेघ म्हणजे शिवण नव्हे, कडांना लावलेला आणि साच्यात पिकलेला डिंक आहे. शेवटी वाफेत घोळवून लव उभी करतात, शिक्का मारतात आणि तीन-तीन बॉल दाबाखालच्या कॅनमध्ये बंद करतात.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा नियम या सगळ्याला काट्यावर धरतो: वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम, व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर, आणि २५४ सेंटिमीटरवरून सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटरपर्यंत उसळी. म्हणजे उसळीला सारी मिळून बारा सेंटिमीटरची मोकळीक. कॅन उघडताना होणारा तो फस्स आवाज म्हणजे या मोकळिकीची घटका भरायला लागल्याची खूण. कॅनमध्ये आत-बाहेर दाब सारखा होता, आता बाहेरचा उतरला, आणि आतली हवा रबराच्या भिंतीतून झिरपू लागली. भोक कुठेच नाही, रबरच गळकं आहे. सायकलच्या ट्यूबला ब्युटिल रबर वापरतात कारण ते हवा धरतं, पण ब्युटिलचा गोळा जमिनीवर टाकला तर थबकन बसतो. नैसर्गिक रबर झकास उसळतं आणि हवा मात्र सोडत राहतं. ज्या चपळाईमुळे ते उसळतं तिच्यातूनच हवा निसटते. कारखान्याने कितीही काळजी घेतली तरी दाबाच्या बॉलची ही जन्मखोड जात नाही.

त्यात पुण्याची भर. शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. इथे बाहेरचा हवेचा दाब जेमतेम एक पीएसआयने कमी, त्यामुळे नवा बॉल मुंबईपेक्षा अंमळ जास्त उडतो आणि तितकाच जास्त गळतो. उंचीसाठी नियमात वेगळा बॉल आहे, पण तो १,२१९ मीटरच्या वरच्या गावांसाठी. आपण अधांतरी. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत ठेवलेला बॉल तर दुहेरी मार खातो. रबर तापलं की झिरपण्याचा वेग वाढतो, वर आतला दाबही चढतो. जूननंतर कापड पाणी पितं, बॉल जड होतो आणि लव चिकटून बसते. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याचा बॉल दोन-चार आठवड्यांत ‘बसतो’, म्हणजे नीट उसळेनासा होतो. त्या दिवशी तो हातात घेऊन बघा: कापड शाबूत, शिक्का वाचता येण्याजोगा, सांधा पक्का. रबर, लोकर, गंधक, जस्त, दोन-तीन वेळा दिलेली आच, सगळं जागच्या जागी आहे. गेली आहे ती फक्त चिमूटभर हवा. आणि त्या हवेपायी आपण बाकीचं सगळं टाकून देतो.

आता तो चारशे वर्षांचा आकडा. तो ज्याच्या त्याच्या तोंडी असतो, पण थोडी तारखांची बेरीज करू. चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेने रबर पक्कं होतं हे उमगलं १८३९ मध्ये. मेजर विंगफील्डने लॉन टेनिसचं पेटंट घेतलं १८७४ मध्ये. गंधक दिलेलं रबर या पृथ्वीवर अजून दोनशे वर्षांचंही झालेलं नाही, मग त्याची चारशे वर्षं मोजली कुणी? झाडाचा कच्चा चीक सूक्ष्मजीव खातात, गंधकाने बांधलेल्या साखळ्या त्यांना तोडता येणं कठीण जातं, म्हणून बॉल फार सावकाश कुजतो, एवढंच खरं. पण असा आकडा वाद जिंकून देतो आणि लक्ष भलतीकडे नेतो. मातीखाली गुपचूप पडलेला बॉल फारसं काही बिघडवत नाही. तो बिघडवतो पेटल्यावर. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोला लागलेल्या आगी पुणेकर विसरलेले नाहीत. थंडीत कोपऱ्याकोपऱ्यावर पेटणाऱ्या शेकोटीत पालापाचोळ्याबरोबर काय काय जातं तेही आपण बघतो. रबर उघड्यावर जळलं की काळा धूर आणि गंधकाचा वायू तिथल्या माणसाच्या नाकात जातो, आणि तोही आत्ता, चार शतकांनंतर नाही.

तसाच दुसरा लाडका आकडा मैलांचा. विम्बल्डनच्या बॉलचा कच्चा माल ५०,५७० मैल फिरतो, असा हिशेब वॉरिक बिझनेस स्कूलने २०१४ मध्ये मांडला. मलेशियाचं रबर, न्यूझीलंडची लोकर इंग्लंडमधल्या स्ट्राउडला जाऊन कापड होऊन येणार, ग्रीसची सिलिका, अमेरिकेतली चिकणमाती, आणि हे सारं एकत्र येणार फिलिपिन्समधल्या बातानला. १९०२ पासून विम्बल्डनला बॉल पुरवणाऱ्या स्लेझेंजरचं उत्पादन आधी इंग्लंडात बार्न्सलीला होतं, ते २००२ मध्ये तिकडे गेलं. हिशेब चोख आहे, पण त्याचा अर्थ लोक भलता लावतात. हे सगळ्या घटकांच्या प्रवासांचे मैल एकाखाली एक मांडून केलेली बेरीज आहे. एकही कण तेवढा फिरलेला नाही. तरी वादापुरतं मानू की अख्खा ५८ ग्रॅमचा बॉल ८१ हजार किलोमीटर बोटीने फिरला. मोठ्या मालवाहू जहाजातून एक टन माल एक किलोमीटर नेताना दहा-वीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गुणाकार करा, शंभर ग्रॅमच्या आत येतो. आता कोथरूडहून डेक्कनला खेळायला येऊन परत जाणारी स्कूटर घ्या. जाऊन-येऊन दहा किलोमीटर, लिटरला ४५ चा अॅव्हरेज, लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. झाले पाचशे ग्रॅम. एका सकाळी, एका माणसाचे. जगप्रवासावरून बॉलला बोल लावणाऱ्याने आपली स्कूटर कुठे उभी केली आहे ते आधी बघावं.

मग दुसऱ्या बाजूचं म्हणणं मान्य करायचं का, की बॉल ही क्षुल्लक बाब आहे? त्यांचा मुद्दा दुबळा नाही, म्हणून तो पुरता मांडतो. जगात वर्षाला सुमारे ३३ कोटी टेनिस बॉल बनतात असं सांगितलं जातं. ५८ ग्रॅमने गुणलं तर सुमारे १९ हजार टन. एकटं पुणे रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा काढतं. म्हणजे अख्ख्या जगाचे वर्षभराचे टेनिस बॉल पुण्याच्या नऊ-दहा दिवसांच्या कचऱ्याइतके. मोटारीच्या टायरमध्ये मोजलं तर साधारण एकवीस लाख टायर, आणि जगात दरवर्षी शंभर कोटींच्या घरात टायर टाकाऊ होतात. विम्बल्डनच्या पंधरवड्यात लागणारे ५५ हजार बॉल तर एकूण बॉलच्या पाच हजारांश भागाइतकेही नाहीत. तिथे पहिल्या सात आणि नंतर दर नऊ गेमनंतर नवे बॉल येतात म्हणून नाकं मुरडणं सोपं आहे, पण तिथल्या बॉलने ढगाला भोक पडत नाही. (२००१ मध्ये तिथले जुने बॉल शेतातल्या चिमुकल्या उंदरांची घरटी म्हणून खांबांवर लावले होते. उंदरांची सोय झाली असेल, हिशेबात फरक शून्य.)

याला इतिहासातला दाखलाही आहे. १८४८ च्या सुमारास गोल्फचा बॉल मलायातल्या गटापर्चा नावाच्या चिकापासून बनू लागला. पुढच्या पन्नास वर्षांत त्या झाडांची अशी कत्तल झाली की ती दुर्मीळ झाली. पण ती गोल्फपायी झाली नाही. समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकायच्या होत्या, त्यांच्यावरचं आवरण गटापर्चाचं होतं. बॉल सगळ्यांना दिसत होता, केबल समुद्राच्या तळाशी होती. आज टेनिसचा बॉल कोर्टवर पिवळाधमक दिसतो आणि टायर गाडीखाली फिरत राहतो, हा तोच प्रकार.

हे सगळं कबूल. पण ‘क्षुल्लक’ हा शब्द जगाच्या बेरजेला लागू पडतो, खेळणाऱ्याला नाही. डबल्स खेळणारे चौघे आठवड्याला एक कॅन उघडतात असं धरा. बरेच गट याहून जास्त उघडतात. वर्षाला ५२ कॅन, १५६ बॉल, नऊ किलो. मोटारीचा एक टायरही साधारण तेवढाच, आणि तो चांगली चार-पाच वर्षं पळतो. इथे नऊ किलो पक्कं रबर आणि लोकर वर्षभरात चौघांच्या हातून जाते, आणि त्यातली बहुतेक झिजलेली नसते. टायर झिजून मरतो, बॉल शाबूत असताना मरतो. उधळपट्टीचा दोष टनांवर ठरत नाही. ताटात टाकलेली अर्धी पोळी देशाच्या गव्हापुढे काहीच नाही, म्हणून ती टाकायची असं कुठल्या घरात शिकवतात?

राहिला तिसरा पक्ष, खोकंवाल्यांचा. ‘रिसायकल करू’ हे त्यांचं उत्तर कानाला गोड लागतं. अडचण अशी की बॉल म्हणजे एकमेकांत भाजून बसवलेल्या दोन वेगळ्या वस्तू. कापड सोलून निघत नाही. बॉल दळायचा, मग वाऱ्यावर धागे आणि रबराचे कण वेगळे करायचे. ते कण वितळत नाहीत, त्यामुळे त्यांचा पुन्हा बॉल सहजी होत नाही. डिंकात बांधून खेळाच्या मैदानाची फरशी होते. फ्रान्सचा टेनिस महासंघ असे बॉल गोळा करून फरश्या करवतो, काम प्रामाणिक आहे. पण फरशीही एक दिवस उखडते, म्हणजे कचरा पुढे ढकलला एवढंच. शिवाय सुटे रबरी कण मैदानात पसरण्यावर युरोपीय संघाने २०२३ मध्ये बंदीचा निर्णय घेतला, आठ वर्षांच्या मुदतीने. पुण्यात तर पहिल्याच पायरीला घोडं पेंड खातं. एक टन माल जमवायला सतरा हजारांवर बॉल लागतात. ते पोकळ, त्यामुळे जागा खातात चार घनमीटरच्या वर. टेम्पो भरला तरी निम्मी-अधिक हवाच वाहून न्यायची. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या वर्गीकरणाच्या शेडवर हे नीट कळतं. कॅनची पारदर्शक बाटली एका पोत्यात जाते, तिला भाव आहे. झाकणाच्या ॲल्युमिनियमला भाव आहे. बॉलला कुणी विचारत नाही, तो नकाराच्या ढिगात. ज्याला भंगारात भाव नाही त्याचं रिसायकलिंग घोषणेवर चालत नाही.

मग त्या ढिगाचं करायचं काय? ऐकायला रुक्ष वाटेल, पण सिमेंटची भट्टी. विकला न जाणारा सुका कचरा इंधन म्हणून तिथे जातोच. चौदाशे अंशांच्या पुढे रबर पुरतं जळतं, गंधक चुन्यात अडकतो, जस्त क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांत, बांधलं जातं. शेकोटीत जळणं आणि भट्टीत जळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टायरसाठी २०२२ मध्ये केंद्राने उत्पादकाची जबाबदारी ठरवणारे नियम केले. बॉल त्याच जातीच्या रबराचा आहे, तर वजनाच्या हिशेबाने त्यालाही त्याच नोंदीत बसवावं. वेगळा कायदा, वेगळी पेटी, वेगळी मोहीम, कशाचीच गरज नाही. पण हे झालं अंत्यविधीचं. मूळ प्रश्न आयुष्याचा होता.

इथे एक पुणेरी हरकत येते आणि ती वजनदार आहे: आपल्याकडे बॉल वाया जातच नाही. क्लबमध्ये बसलेला बॉल मार्करकडे, म्हणजे सदस्यांना सराव देणाऱ्या क्लबच्या माणसाकडे, जातो, मार्करकडून शिकाऊ मुलांच्या टोपलीत, तिथून गल्लीच्या क्रिकेटला, आणि तिथे फाटला तर अर्धा कापून शाळेतल्या खुर्चीच्या पायाखाली. टाचदुखीवर पायाखाली फिरवायलाही तोच. ही साखळी खरी आहे आणि कुठल्याही परदेशी योजनेपेक्षा सरस आहे. पण ती किती मजबूत उरली आहे? गल्लीतलं क्रिकेट आता जुन्या बॉलवर चालत नाही. त्यासाठी मुद्दाम बनवलेले हलके आणि जड ‘क्रिकेट टेनिस बॉल’ दुकानात मिळतात, २०२४ पासून टेनिस बॉल क्रिकेटची व्यावसायिक लीगही आली. पार्किंगमधल्या अंडरआर्मला बसलेला बॉल उत्तम चालतो, किंबहुना जास्त चांगला, कारण तो काचेपर्यंत उसळत नाही. तरी तिथेही नवाच येतो. आणि डांबरी रस्त्यावर बॅटने हाणलेला बॉल सांध्यावर फुटला की जातो नाल्यात. पावसाळ्यात नाल्याच्या जाळीला अडकलेल्या बाटल्या आणि थर्माकोलमध्ये एक-दोन टक्कल पडलेले बॉल तरंगताना दिसतातच. साखळीचा अभिमान बाळगावा, पण ती तुटली आहे तिथे डोळेझाक करू नये.

आता इलाज. पहिला म्हणजे दाब नसलेला बॉल. याची भिंत जाड असते, उसळी हवेतून नाही तर रबरातून येते, त्यामुळे तो बसत नाही. कापड झिजेपर्यंत चालतो. महासंघाच्या नियमात दाबाचा आणि बिनदाबाचा असे दोन्ही प्रकार मान्य आहेत. दुसऱ्यात आतला दाब एक पीएसआयपेक्षा जास्त नसावा एवढीच अट. म्हणजे नियम आडवा येत नाही, येते ती सवय. यावर खेळाडूंचा आक्षेप ठाम आहे आणि तो निव्वळ लाड नाही: हा बॉल रॅकेटवर दगडासारखा लागतो, फिरकी कमी घेतो, आणि ज्याचं कोपर आधीच दुखतं त्याचं आणखी दुखतं. चाळिशीपुढच्या डबल्सवाल्यांवर तो लादू नये. पण बॉल फेकणाऱ्या मशीनला कोपर असतं का? शिबिरातल्या शंभर-दोनशे बॉलच्या टोपलीत दाबाचे बॉल कशाला? तिथे प्रशिक्षक हाताने बॉल देतो, मूल दहातले सहा नेटमध्ये मारतं, आणि टोपली दर काही महिन्यांनी नव्याने भरायची. शहरातला मोठा खप याच टोपल्यांचा असतो. लहानांसाठी तर मंद बॉल सक्तीचाच आहे: दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा बॉल महासंघाने २०१२ पासून बंद केला. तेव्हाही ‘असल्या बॉलने खेळाडू घडतात का’ असं विचारणारे होतेच.

दुसरा इलाज साधा आहे, आणि तो दाबाच्या बॉलसाठी आहे. बॉल हवा का सोडतो, तर आत-बाहेर दाबात फरक आहे म्हणून. फरक काढून टाका. घट्ट झाकणाचे, पंप लावता येणारे डबे या कामासाठी तयार मिळतात. खेळ संपला की बॉल पुसून डब्यात, सायकलच्या पंपाने कॅनमध्ये असतो तेवढा दाब, बस. हवा झिरपायची थांबते. बसलेल्याला उठवायचं असेल तर दाब जास्त, साधारण दुप्पट, आणि मुक्काम काही दिवसांचा, कारण हवेला आत जायलाही तीच अरुंद वाट आहे. यात चुका होतात त्या ठरलेल्या: ओला बॉल कोंडला तर कापडाला कुबट वास येतो, झाकणाची रबरी चकती कोरडी पडली तर दाब रातोरात उतरतो, टक्कल पडलेला किंवा सांध्याला चीर गेलेला बॉल उठत नाही, त्याच्यामागे लागू नये. आणि घरची कुठलीही बरणी दाबाला जुंपू नये, काच तर मुळीच नाही. स्पर्धेला हा बॉल चालणार नाही. पण पुण्यात रोज सकाळी सहा वाजता किती कोर्टांवर स्पर्धा चालू असते? बाकीच्या सगळ्या सकाळी, कापड टिकेल तोवर, तेच बॉल चालतात, आणि त्या नऊ किलोंचे साडेचार होतात.

‘बॉल बदलला तर खेळ बदलेल’ ही शेवटची तटबंदी. खेळाचा बॉल नेहमीच बदलत आलेला आहे, आणि अपराधीपणापोटी कधीच बदललेला नाही. बिलियर्ड्सचे बॉल हस्तिदंताचे असत. १८६३ मध्ये एका अमेरिकन बिलियर्ड्स कंपनीने पर्यायासाठी दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं ते हत्तींची दया येऊन नव्हे, हस्तिदंत परवडेना म्हणून. गटापर्चाचा गोल्फ बॉल गेला तो जंगल संपलं म्हणून नाही, १८९८ मध्ये आलेला रबरी गाभ्याचा बॉल लांब जात होता म्हणून. टेनिसचा बॉल पांढरा होता तो १९७२ मध्ये पिवळा झाला टीव्हीवर दिसावा म्हणून. विम्बल्डनने परंपरेचं नाव सांगत १९८६ पर्यंत तग धरला आणि मग मान तुकवली. टीव्हीसाठी रंग बदलता येतो तर टिकण्यासाठी भिंत का नाही? २०१९ मध्ये विल्सनने ट्रिनिटी हा बॉल दाबाच्या कॅनऐवजी कागदी वेष्टनात आणला, तो उसळी जास्त काळ टिकते या जोरावर. असा बॉल नैतिकतेच्या नावाने विकू नये. ‘चार महिने चालतो’ असं सांगून विकावा, कोथरूडमधला कुठलाही ग्राहक घेईल.

आणि कुजण्याच्या मोजपट्टीचा फोलपणा बघायचा तर शेजारच्या हॉलमध्ये डोकवा. ज्या खेळाला आरंभी ‘पूना’च म्हणत आणि ज्याचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात इथल्या ब्रिटिश छावणीत बांधले गेले, त्या बॅडमिंटनचं फूल बदकाच्या किंवा हंसाच्या सोळा पिसांचं असतं. चांगले खेळाडू एका सामन्यात अशी कित्येक फुलं मोडतात. त्यावर कुठल्याच सोसायटीत वाद होत नाही, कारण पीस कुजतं. एका गेमपुरतं जगणारी वस्तू केवळ कुजते म्हणून निर्दोष, आणि महिनाभर जगणारी कुजत नाही म्हणून गुन्हेगार?

क्लबच्या समितीने पुढची ऑर्डर देण्याआधी जिन्याखालचं खोकं एकदा बाहेर काढावं आणि मार्करला बोलवावं. एक नवा बॉल आणि खोक्यातला एक, असे दोन्ही खांद्याच्या उंचीवरून सिमेंटवर सोडत जायचं, फरक डोळ्याला दिसतो. कापड शाबूत आणि उसळी कमी, ते दाबाच्या डब्यात. टक्कल पडलेले पार्किंगमधल्या क्रिकेटला. फाटलेले उरतील ते सुक्या कचऱ्यात, भट्टीच्या वाटेला. टोपलीसाठी नवी खरेदी बिनदाबाची. रिकामं खोकं रद्दीवाला लगेच नेईल, पुठ्ठ्याला भाव आहे.